नखाएवढी फट

गावभरचे आरसे उजळून देणाऱ्या आरसेवाल्याच्या घरातला आरसा मात्र पार काळवंडला होता. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा हा आरसा तिच्या पलंगासमोर असायचा. ती गेल्यावर त्याला हात लावायची कुणाची छातीच झाली नाही. आता मुलगी परगावी नोकरीला निघाली होती, आणि आईची आठवण म्हणून नेईन तर तोच आरसा, असा तिने हट्ट धरला होता. पोरीपुढे बापाचं काय चालणार?

दुपारी त्याने काचेच्या मागचा जुना मुलामा खरवडून काढला, काच धुतली, नवा मुलामा चढवला. सुकल्यावर आरसा भिंतीला टेकवून उभा केला. खिडकीतलं ऊन त्यावर पडून समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन उमटला. चौकोनात सावली होती, कुणीतरी उशीला टेकून बसल्यासारखी. खिडकीत तर कुणीच नव्हतं. त्याने फडक्याने काच पुसली, पुन्हा पुसली. सावली जागची हलली नाही.

तरी काम तपासायला हवं होतं. आरशाला नख टेकवलं की खरं नख आणि आतलं नख यांच्यात बारीक फट दिसते, कारण मुलामा काचेच्या मागे असतो. बायको ही परीक्षा तिच्या वाकड्या करंगळीने घ्यायची आणि वर त्याच्या कामात खोट काढायची. त्याने नख टेकवलं.

फट नव्हती. नखाला नख भिडलं.

त्याने बोट मागे घेतलं. शेवटचे काही दिवस बायकोने एकच घोकलं होतं, पोरीला एकटीला कुठे पाठवू नका. त्याने हो हो म्हणत वेळ मारून नेली होती.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मुलगी बॅग घेऊन आत आली.

"हा राहू दे," तो म्हणाला. "दुसरा देतो... नवा."

"बाबा, आता ऐन वेळी काहीतरी काढू नका." तिने हसत काचेला बोट टेकवलं. "अगं बाई, गरम आहे की..."

"बोट काढ."

तिने काढलं, आणि आरसा जपून उचला म्हणून टेम्पोवाल्याला हाक मारायला ती दाराकडे वळली. आतलं बोट मात्र टेकलेलंच राहिलं होतं, दाबून पांढरं पडलेलं. मग त्याच्या शेजारी एकेक करून बाकीची बोटं टेकली. करंगळी वाकडी होती.