बोहारणीने नाकारलेला ढीग

कपडे घालणारा प्राणी एकच, माणूस. आणि यातच त्याचे श्रेष्ठत्व आहे. इचलकरंजीच्या वैखरी मगदूमकडे कपाट फुटेल इतके श्रेष्ठत्व होते, पण उद्याच्या स्नेहसंमेलनात घालायला काहीच नव्हते. नाचाला निळा घागरा हवा होता. तो नसेल, तर मागे झाड होऊन उभे राहायचे, असे बाईंनी सांगितले होते.

"जुनं बाहेर गेल्याशिवाय नवं घरात येणार नाही," आईने बजावले.

तेवढ्यात बोहारीण आली. सन २०५१ मध्ये माणसाच्या जागी बोहारीण म्हणून यंत्रमानव फिरत असे. घासाघीस मात्र तीच होती. वैखरीने एकेकदाच घातलेल्या ड्रेसांचा ढीग पुढे लोटला.

"मावशी, मोठं पातेलं द्या."

बोहारणीने बोटातला दिवा ढिगावरून फिरवला. "ह्यावर चमचासुद्धा नाही. ती दारातली पायपुसण्याची चादर द्या, पातेलं घ्या."

"फाटकी चादर? आणि हे नवेकोरे नकोत?"

"चादर निव्वळ कापूस आहे, ताई. पिंजली की पुन्हा सूत. तुमच्या ड्रेसांत कापसाबरोबर पॉलिस्टर (खनिज तेलापासून केलेला प्लास्टिकचा धागा) पिळलाय. खिचडीतून डाळ-तांदूळ वेगळे काढता येतात, पण तेवढ्या वेळात गावजेवण होईल. शिवाय दर धुण्याला ह्यांचे सूक्ष्मतंतू (डोळ्यांना न दिसणारे धाग्यांचे तुकडे) पंचगंगेत जातात. मासे ते खातात."

"मग एवढे स्वस्त कसे?"

"शिवणारीची मान मोडली, रंगाचं पाणी नदीनं गिळलं. ते किमतीच्या चिठ्ठीवर छापत नाहीत."

वैखरीने ढीग परत ओढून घेतला. "मग ह्यांचं करू काय?"

"घाला! एकदा घालून टाकायचा ड्रेस दहादा घातलात, तर नऊ शिवायचे वाचतात. दुकानदार ह्यालाच घाबरतात."

वैखरीने नाचातल्या सगळ्या मैत्रिणींना ढिगांसकट बोलावले. अंगणात अदलाबदलीचा बाजार भरला आणि बोहारीण सौदे ठरवायला आपोआप मध्ये बसली. "मोरपंखी कुर्त्यावर नुसती ओढणी? अहो ताई, आणखी एक बाही टाका!" निळे तेवढे वेगळे झाले, कापले गेले, आणि आईच्या शिवणयंत्रावर एकाला एक जोडून त्यांचे घागरे झाले.

दुसऱ्या दिवशी रंगमंचावर आसमानी, जांभळट, शाईसारखे, सगळे निळे एकदम गरगरले. शिट्ट्यांनी पत्रे हलले. कोणीही झाड झाले नाही. पहिला क्रमांक! आणि शाळाभर पोरी एकमेकींना विचारू लागल्या, "तुझ्या कपाटात काय काय आहे गं?"

बक्षीस म्हणून प्रत्येकीला एकेक टी-शर्ट मिळाला. शंभर टक्के पॉलिस्टर.