पिंपाशेजारची मेथी

मेथी का रुसली होती, तेच कळेना!

चांद्रवसाहतीतल्या हरितघरात (काचेच्या बंद घुमटातल्या शेतात) पाणी होतं, खत होतं, सूर्यासारखे दिवे होते. तरी रोपं होती तिथेच खुंटली होती. पृथ्वीवरून नवी तुकडी यायला थोडेच दिवस उरले होते आणि त्यांच्या ताज्या भाजीची जबाबदारी केतकीच्या आईवर होती.

"आता नाही सुधारली, तर सगळी उपटून नव्यानं पेरावी लागेल," आई म्हणाली.

जुनी तुकडी परत गेल्यापासून वसाहतीत चौघंच होते: आई, बाबा, केतकी आणि धाकटा निनाद. चंद्रावर शाळा कुठली? बाबाच शिकवायचे. त्यांना घरी बिअर बनवायचा भारी नाद, त्यामुळे निम्मे धडे पिंपाशेजारीच व्हायचे. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, उकळायचं, गाळायचं, तापमान बघायचं, सगळ्यात मुलं पुढे. नियम मात्र कडक: "हात लावायचा, तोंड नाही! हे मोठ्यांचं पेय."

पिंपाला ऊब हवी म्हणून ते हरितघराच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या पडद्याआड ठेवलं होतं. त्याच्या झाकणातली नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती. बुडुक! बुडुक!

"बाबा, पिंप ढेकरा का देतं?" निनादनं विचारलं.

"आत यीस्ट आहे. यीस्ट म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ती जवातली साखर खाते. त्यातून अल्कोहोल तयार होतं आणि एक वायू सुटतो. याला म्हणायचं किण्वन (आंबण्याची क्रिया). इडलीचं पीठ फुगतं ना, तेही असंच."

"कुठला वायू?"

"तूच शोध की!" बाबांनी चुन्याची निवळी आणली. केतकीनं पिंपाची नळी तिच्यात सोडली. बघता बघता निवळी दुधासारखी झाली.

"कार्बन डायऑक्साइड असला की असं होतं," बाबा म्हणाले. "आता दुसऱ्या पेल्यात तू फुंक. फुंकायचं हं, ओढायचं नाही."

केतकीनं नळीतून फुंकलं. तीही निवळी पांढरी झाली!

"ताई पण पिंपच आहे!" निनाद टाळ्या पिटत ओरडला.

हसता हसता केतकीची नजर खाली गेली. पडद्याच्या आत मेथीचा एक ट्रे राहून गेला होता. त्यातली मेथी हिरवीगार, हातभर वाढलेली! पडद्याबाहेरची मात्र बोटभरसुद्धा नव्हती.

पानं हाच वायू घेऊन उजेडात आपलं अन्न बनवतात, हे बाबांनी शिकवलं होतं. प्रकाशसंश्लेषण! पण मग बाकीच्या झाडांना आजवर तो वायू कोण देत होतं?

"आई!" ती पडदा सारून धावली. चंद्रावरचं धावणं ते, दोन उड्यांत आईपाशी पोचली. "झाडं उपाशी आहेत! आपल्या सगळ्यांचा उच्छ्वास नळ्यांतून इकडे येतो ना? मग जुनी तुकडी गेली, तसा त्यांचा श्वासही गेला!"

आईनं हवेतले वायू मोजणारं मापक पाहिलं. कार्बन डायऑक्साइड फारच घसरला होता. "अगं बाई! मापकाची धोक्याची घंटा वाजते ती हा वायू वाढला तरच. माणसांना त्याचा धोका असतो ना! कमी झाल्यावरही वाजायला हवी, हे कुणाला सुचलंच नाही."

"मग आणखी पिंपं लावू?" बाबा आशेनं म्हणाले.

"एवढ्यानं सगळ्या शेताचं पोट भरणार नाही," आई हसली. "पण बिअर गाळून उरलेला जवाचा चोथा कुजतानाही हाच वायू सुटतो."

वायू पसरून जाऊ नये म्हणून चौघांनी मिळून सगळ्या वाफ्यांवर पडदे ताणले आणि आत चोथ्याचे, वाळक्या देठांचे डबे ठेवले. आई रोज मापकावर नजर ठेवू लागली. आठवड्याभरात कोवळी पानं तरारली. आईनं निनादला उचलून इतकं उंच उडवलं की तो छताला हात लावून आला!

त्या दिवशी मेथीची भाजी झाली. आईबाबांनी नवी बिअर चाखली. "कडू!" म्हणत आईनं तोंड वेडंवाकडं केलं.

केतकीच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. "बाबा, मंगळावरची हवा कसली असते?"

"जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडच. पण फार विरळ, आणि थंडी तर विचारू नकोस."

"म्हणजे झाडांचं जेवण तिथे तयारच आहे," केतकी म्हणाली. "विरळ हवेचं आणि थंडीचं काय करायचं, तेवढं उद्यापासून शिकवा."