दुसरा ब्लॉक

निहारिकाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो ताज्या फोमवर हात टेकून उभा होता. उज्जैनच्या त्या गादी-फोमच्या कारखान्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. ओतलेला ब्लॉक रात्रभर आतून तापलेला असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी शिवत नाही.

"अहो, हात काढा. टच नाही करत त्याला," ती म्हणाली. ती तिथली क्वालिटीची केमिस्ट.

"सॉरी... मी सौमित्र. नवं मशीन बसवायला पुण्याहून आलोय."

"मशीनवाले, आणि इतकंही नाही मालूम?"

"मालूम होतं. पण तुम्ही समोरून येताना दिसलात, आणि —"

त्याच्या मशीनमध्ये द्रवरूप कार्बन डायऑक्साइड दाबाखाली रसायनात मिसळायचा. नळीच्या तोंडाशी दाब सुटला, की वायू फुलायचा आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फोम वर यायचा. दाब आधीच कमी पडला, तर फोमला भोकं. पहिल्या ब्लॉकला पडली, दुसऱ्यालाही. निहारिकाने दोन्ही नापास केले. सौमित्रचा मुक्काम लांबला, फ्रीगंजच्या बाजारात दोघांचं पोहे-जलेबी खाणं वाढलं, आणि तिचा जीव त्याच्यात गुंतला. तिने ते स्वतःशी सरळ कबूलही केलं.

तिसरा ब्लॉक कापला, तो एकसारखा निघाला. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला. एक जरी भोक सापडलं असतं, तरी तो आणखी राहिला असता. सापडलं नाही.

"पास," ती म्हणाली. "जा आता पुण्याला."

"एक सांगायचं होतं... दुसऱ्या वेळी दाब मीच कमी ठेवला होता."

"जानबूझकर?"

"हो. ब्लॉक चांगला आला असता, तर मला लगेच निघावं लागलं असतं."

निहारिकाला राग आला. मनातून बरंही वाटलं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

"पूरा ब्लॉक वाया घालवलात, माझ्यासाठी?"

"तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती."

"आता आहे?"

"आहे. माझ्याशी लग्न कराल?"

तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या ब्लॉकच्या भोकांपायी मॅनेजर केदारकाकांनी मशीन चालवणाऱ्या बापूंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. बापू तेव्हापासून मान वर करून बोलत नव्हते.

"आधी काकांना खरं सांगायचं. बापूंच्या समोर."

"ते मला हाकलून देतील."

"देतील."

तो दाराकडे निघाला. ती मागोमाग गेली.

"तुम्ही कशाला येताय?"

"तू फक्त दाबाचं सांगशील," ती म्हणाली. "कुणासाठी कमी केला, ते मी सांगते."