काठीच्या जागी थर्मास

इंजिन सिग्नल केबिनसमोर थांबलं तेव्हा लोवरी खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून उभी होती. डोळे उघडे होते, एवढंच. रात्रभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हवं-नको बघून ती तशीच इकडे आली होती. पायऱ्या उतरताना तिनं कठडा घट्ट धरला.

इंजिनावरून ग्विलिम उतरला. त्याचेही डोळे लाल. मेंढ्या विण्याचे दिवस होते, आणि मेंढ्यांना त्यासाठी रात्रच बरी वाटते. त्याच्या कोटाला कोळशाचा वास होता आणि कोवळ्या दुधाचाही.

"झोपलीस कधी?" त्यानं विचारलं.

"गेल्या वर्षी. तू?"

"त्याच्या आधी कधीतरी."

ही रेल्वे सरकारनं केव्हाच बंद केलेली. पोंट हेलिगच्या लोकांनीच ती पुन्हा उभी केली, आणि बिनपगारी चालवत ठेवली. पुलाजवळच्या या केबिनपासून वर लिन दीच्या तळ्यापर्यंत एकच मार्ग, आणि त्या मार्गाची एकच काठी. हातभर लांब, गोल, वर पितळी पट्टी. काठी ज्याच्या हातात त्याचीच गाडी त्या रुळांवर जाणार. देताना दोघांनी ती धरायची, पट्टीवरचं मार्गाचं नाव मोठ्यानं वाचायचं, आणि मगच देणाऱ्यानं सोडायची.

लोवरी इथं आली ती बस चुकल्यामुळे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वसंतात ती स्टेशनच्या बाकावर बसली होती. चहाचा गाडा सांभाळणाऱ्या बेथनबाईंनी तिच्या हातात हिरवी झेंडी देऊन म्हटलं होतं, "पोरी, नुसती बसलीस तर ही हलव जरा." तिनं हलवली. समोरच्या इंजिनावरून कोळशानं काळाकुट्ट झालेला एक चेहरा हसला... तेव्हापासून दर शनिवारी काठीच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला ग्विलिम. नाव वाचून होईपर्यंतची काय ती भेट.

आजही त्यानं आधी थर्मास पुढे केला. लाल चौकड्यांचा, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. ती टोपणातून चहा प्यायली.

"ग्विलिम... आजचा माझा शेवटचा शनिवार."

त्याचा काठी धरलेला हात थांबला.

"सोमवारी स्वॉन्सीला जातेय. ताईकडे. तिथं दिवसाचं काम मिळालंय. रात्री माणसासारखं झोपता येईल."

तो इंजिनाकडे वळला.

"बरं झालं," तो म्हणाला. "झोप तर... हवीच."

एवढंच. तिला वाटलं, काहीतरी विचारेल. त्याला वाटलं, ती आणखी काही बोलेल. पण दमलेल्या माणसांची जीभ जड होते. त्यानं इंजिन बाजूच्या रुळावर लावलं, पिशवी उचलली आणि टेकडीच्या वाटेनं घराकडे निघाला. तिनं वर जाऊन हातातली वस्तू खुंटीला अडकवली. डोळे कोरडे होते, तरी तिनं ते पुसले.

जेवणाच्या सुमाराला खालून वसंताची सहल आली. इंजिनाच्या कपाळावर पिवळ्या डॅफोडिल फुलांची जुडी, डब्यांच्या खिडक्यांतून टोप्या, टोपल्या, गाणी. ड्रायव्हर होता म्हातारा इद्वल. या खोऱ्यात जोन्स आडनावाचे इतके, की माणसाला त्याच्या कामावरूनच ओळखतात. म्हणून तो इद्वल वाफ.

"लोवरी काठी," त्यानं खालून हाक दिली, "आण गं तुझं आडनाव."

तिनं खुंटीकडे हात नेला. हाताला लागला थर्मास. लाल चौकड्यांचा.

म्हणजे काठी त्याच्या पिशवीत... आणि आपण दोघांनी नाव वाचलंच नाही.

"काका," ती खिडकीतून म्हणाली, "काठी नाहीये."

"मग काय आहे?"

तिनं थर्मास दाखवला.

इद्वलनं टोपी मागे सारली. "हा घेऊन गाडी वर नेली तर मला तुरुंगात टाकतील. चहा चांगला असला तरी."

तिनं ग्विलिमच्या घरी फोन लावला. त्याची आई म्हणाली, तो अजून पोचलाच नाही, कोकरं ओरडून ओरडून घसा बसवताहेत. केव्हाच निघालेला माणूस गेला कुठे? ती खिडकीशी धावली. आणि तिला तो दिसला. टेकडीच्या अर्ध्यावर, दगडी गडग्यावर, पाठ वाकवून बसलेला.

तिनं हिरवी झेंडी घेतली आणि हलवली. दोन वर्षांपूर्वीसारखी, दोन्ही हातांनी.

तो उठला.

पोचला तेव्हा सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. बेथनबाई किटली हातात धरून उभ्या होत्या. लोवरीनं काठीचं दुसरं टोक पकडलं.

"वाच आधी."

"पोंट हेलिग ते लिन दी," त्यानं वाचलं. पण सोडली नाही.

"कळलं कधी तुला?"

"वाटेवरच्या फाटकापाशीच. चहा शोधत होतो..."

"आणि बसून राहिलास? इथं गाडीभर माणसं खोळंबलीत, ग्विलिम."

"माहीत आहे. चूक आहे माझी." त्याचा आवाज खाली आला. "वाटलं, काठी माझ्याकडे आहे तोवर इथलं काहीच हलणार नाही. तूसुद्धा."

तिनंही काठी सोडली नाही.

"जाऊ नको म्हणणार नाही मी. तुला झोप हवी. पण न बोलता घरी गेलो असतो, तर जन्मभर म्हणत बसलो असतो—त्या दिवशी सांगणार होतो, पण दमलो होतो." त्यानं श्वास घेतला. "मला तू हवी आहेस, लोवरी. किती दमलेला असलो तरी."

"माझी वाफ उतरतेय," इद्वल म्हणाला. "काठी द्या नाहीतर लग्नाला बोलवा."

डब्यांत हशा पिकला. लोवरीनं काठी घेतली, इद्वलसमोर धरली. दोघांनी नाव वाचलं. गाडी धापा टाकत वर निघाली, आणि पाठीमागे धुराबरोबर गाणंही विरत गेलं.

ती दोघं केबिनच्या पायरीवर बसली. तिनं थर्मासमधला उरलेला चहा टोपणात ओतला. अर्धा ती प्यायली, अर्धा त्याला दिला.

"तुझ्याकडे कोकरं फार ओरडतात का?"

"रात्रभर."

"मग तिथं कसली झोप लागणार?"

"दिवसा शांत असतं," तो जपून म्हणाला. "पोटं भरलेली असतात सगळ्यांची."

तिनं रिकामं टोपण थर्मासवर बसवलं.

"रात्रीच कामाला असते मी. झोपायची असते ती दिवसाच." मग हळूच, "ताईला आज कळवते. सोमवारी येत नाही म्हणून."

तो तिच्याकडे वळला, काही बोलायला तोंड उघडलं...

"आता नको. ऐकायला डोळे उघडे राहत नाहीत." तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. कोळशाचा आणि दुधाचा वास आला. "शिट्टी वाजली की उठव."

"कोकरं वाट बघताहेत माझी."

"मग जा."

तो हलला नाही. बेथनबाई केकची बशी घेऊन आल्या, दोघांना बघितलं आणि बशी खालच्या पायरीवर ठेवून म्हणाल्या, "बाटली मी पाजते तुझ्या कोकरांना. बस तू."

त्या टेकडीच्या वाटेला लागल्या. ग्विलिमचे डोळे मिटत होते, पण त्यानं ते उघडे ठेवले. वर तळ्याकाठी माणसं खाण्याच्या टोपल्या उघडत असतील. काठी त्यांच्याबरोबर गेली होती. ती परत येईपर्यंत या रुळांवरून कुणी येणार नव्हतं, आणि कुणी जाणारही नव्हतं.