चौथ्या गाण्यातला हापसा

दूध सोसायटीची इंग्रजी गाण्यांची तबकडी चोरीला गेली, तेव्हा नळदुर्गजवळच्या त्या गावात म्हशींनी दोन दिवस कान हलवले नाहीत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

चेअरमन आण्णासाहेब कडाडले, "संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर शिपाई कोंडीराम घरी. सोसायटीची किल्ली त्याच्याकडंच होती."

तपास सेक्रेटरी आबारावांकडं आला.

तबकडी हैदराबादच्या ट्रकवाल्यानं ढाब्यावर दिलेली. वेष्टनावर चार केसाळ गोरे. भोंग्यावर पहिलं गाणं लागलं की दूध संकलन सुरू, चौथं संपलं की बंद. इंग्रजी कुणालाच येईना, म्हणून गावानं नावं ठेवली: ट्रक, रडकं, भांडण, गिरणी. गिरणीत नुसता ढोलांचा धडाका. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. बनाबाई नेमकी गिरणीला दूध आणायची. आबाराव आपलं दूध घेऊन तिच्याही मागं. सेक्रेटरीनं शेवटी थांबावं, ही त्यांची सभ्यता.

"दार कधी उघडं असतं?" आबारावांनी कोंडीरामला विचारलं.

"ट्रकात कॅन चढवताना, साहेब."

"आणखी काय गेलं?"

"काय न्हाय. भजनाच्या रेकॉर्डी तशाच हायत. आता त्याच लावतो."

"काही वेगळं दिसलं?"

"तबकडी गेल्यापासून दोन कॅनातलं दूध घट्ट आलंय. एक बनाकाकूचं."

"दुसरं?"

कोंडीराम दूध तपासायचा लॅक्टोमीटर पुसत राहिला. "चहा सांगू का, साहेब?"

आबाराव तडक बनाबाईच्या दारात.

"काकू, तबकडी द्या."

"कुठली?"

"चोराला गाणी नको होती, एक गाणं बंद पाडायचं होतं. म्हणून भजनं सोडली. सोसायटीमागचा हापसा दुष्काळात किंचाळतो, दांडा दाबला की गल्लीभर कळतं. फक्त गिरणी चालू असताना कळत नाही. तुम्ही तेव्हाच येऊन कॅनात पाणी घालायच्या. आता सगळ्यांच्या आधी येता, आणि दूधही घट्ट."

बनाबाईनं कणगीत हात घातला. तबकडी धुतल्या लुगड्यात गुंडाळलेली होती.

"परवा लेक आली हुती, जगदेवी. म्हणली, आई, शहरातलं दूध लई पातळ, तान्हं वाळत चाललंय. आबाराव, ते दूध आपलंच की! पर ढोल लागले की हात आपसूक दांड्याकडं जायचा. हात तोडता येत न्हाय, म्हून तबकडी आणली."

आबाराव तबकडी घेऊन वळले.

"आबाराव, एक सांगा. गिरणी चालू असताना हापसा ऐकू येत न्हाय, हे तुमास्नी कसं ठावं?"

त्यांनी चप्पल घालायला फार वेळ लावला.

संध्याकाळी चेअरमननं विचारलं, "कोण निघालं?"

"तबकडी सापडली, आण्णासाहेब. पण दुधात पाणी घालणारे चोर दोन आहेत."

"कोंडीराम आणि?"

"कोंडीराम त्यात नाही." आबारावांनी सेक्रेटरीच्या कपाटाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "दुसऱ्याचं नाव मी उद्या सांगतो. पहिलं माझं लिहा."