दीड मीटर

टाकीत चार रोबोट होते. पाणी पाच मीटर खोल. काचेबाहेर दोन माणसं. पाण्यात एकही नाही.

हे खरं घडलंय. बुधवारी, भर दुपारी सव्वातीनला, एका विद्यापीठाच्या चाचणी टाकीवर. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

दोघांपैकी एक सर, प्रयोगशाळेचे प्रमुख. दुसरी त्यांची संशोधक विद्यार्थिनी. तिचा दादा इथे पाणबुड्या होता. महिन्यापूर्वी याच टाकीत गेला. एका रोबोटच्या पंख्यात त्याची हवेची नळी अडकली होती.

पाणबुड्याच्या मनगटावर टॅग असतो. त्याचा आवाज ऐकला की रोबोटांनी दीड मीटरवर थांबायचं, असा नियम त्यांच्यात भरलेला असतो. अहवालात सरांनी लिहिलं होतं: पाणबुड्या टॅग बांधायला विसरला.

टॅग तिनं स्वतःच्या हातानं बांधला होता. "घट्ट बांध गं, नाहीतर तुझी ही पोरं चावतील मला," असं म्हणून दादा हसला होता. रोबोट सारखे थांबतात, पाहुण्यांसमोर शोभा होते, म्हणून त्या दिवशी नियम कुणी बंद केला, हेही तिला ठाऊक होतं.

आज सरांना त्या अहवालावर तिची सही हवी होती. ती म्हणाली, आधी माझ्यासमोर नियम चालू ठेवून एक चाचणी घ्या. सरांनी वैतागून रोबोट सोडले. ते सुरळीत फिरले.

"झालं समाधान? कर सही. गेलेल्या माणसाचं काय बिघडतंय आता?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं पेन टेबलावर आपटलं.

आणि पंख्यांचा आवाज...

थांबला.

चारही रोबोट गोल करून उभे. तोंडं आत. मधली जागा रिकामी.

दादाचा टॅग टेबलावरच होता. सेल काढलेला.

सरांनी घाईघाईनं नियम बंद केला.

रोबोट जागचे हलले नाहीत.

मग हलले... हळूहळू, चौघं मिळून, ती रिकामी जागा मधोमध धरून. सर उभे होते त्या काचेकडे.

सर दोन पावलं डावीकडे सरकले.

रिकामी जागाही सरकली...

"पाणी सोडून दे. टाकी रिकामी कर, आत्ताच्या आत्ता." सर म्हणाले.

"थांबा सर. आधी मोजायचं, मग घाबरायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

तिनं पडद्यावर चौघांच्या जागा बघून मोजलं. अहवालातला 'विसरला' हा शब्द दोनदा खोडला आणि त्याखाली लिहिलं:

टॅग बंद. नियम बंद. रोबोट चार. मधल्या रिकाम्या जागेपासून प्रत्येकाचं अंतर: १.५० मीटर.