सोफ्यातलं बाळंतपण

पहिल्याच भेटीत मी त्याला जे म्हणाले, ते आठवलं की अजून कान तापतात. दार उघडलं आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही… "बाजूला व्हा, मला तुमचा सोफा फाडायचाय!"

माझ्या एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत ओरडून ओरडून घसा बसलेली मांजर. तो दारात उभा. अंगात पांढरा डगला आणि हातात… चक्क दातांची कवळी.

"आज दुपारीच आलाय तो," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्याच दुकानातून ना?"

"हो. आणि त्यात पिल्लं आहेत."

"कोणाची?"

"माझी नाहीत!" मी खेकसले. "हिची!"

त्याने कवळी डगल्याच्या खिशात टाकली. "म्हणजे सोफा खरंच रडतोय. मला वाटलं, मलाच भास होतायत."

सांगते काय झालं ते. माझं आणि बाबांचं सोफे दुरुस्तीचं दुकान. ही मांजर आमच्या दारात पडीक असायची. तिचा तोरा बघून बाबांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलेलं. आदल्या संध्याकाळी मी या सोफ्याच्या तळाचं काळं कापड तीन बाजूंनी पिना मारून बसवलं, चौथी बाजू सकाळवर ठेवली. रात्री बाईसाहेब त्या फटीतून आत शिरल्या आणि झोळीसारख्या त्या कापडात बाळंत झाल्या. सकाळी त्या खायला बाहेर पडल्या, आणि मी उरलेल्या पिना ठकाठक मारून मोकळी. बाबांनी विचारलंही, "आत बघितलंस का गं?" मी म्हटलं, "हो." बघितलं नव्हतं.

सोफा गेला, आणि दुपारी मांजर दुकानात येऊन जी ओरडायला लागली! रिकाम्या जागेवर गोल गोल फिरत होती. मी तिला पिशवीत कोंबलं, पक्कड उचलली आणि थेट त्याच्या दारात धडकले.

आम्ही दोघांनी सोफा अलगद कलता केला. मी पिना उपसत गेले. घाईत दोन वेळा बोटाला लागलं. कापड सुटलं. चार होती. तीन किंचाळत होती, चौथं गप्प. इवलंसं, राखाडी, गार.

बाईसाहेब पिशवीतून उडी मारून सरळ तिघांपाशी जाऊन आडव्या झाल्या. चौथ्याला हुंगलं आणि पायाने बाजूला सारलं.

"गेलं का?" मी विचारलं.

त्याने ते उचललं, डगल्याच्या आत, छातीशी धरलं. वरून तळहाताने ऊब देत राहिला. मग म्हणाला, "हलतंय."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी बजावलं, आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही. साधं दूध नको, त्यांच्याकडची पावडर न्या. पालथं धरून पाजा, उताणं नाही. आणि आईला आता तीन आठवडे अजिबात हलवू नका, पुन्हा बिथरली तर सगळ्यांनाच टाकेल.

"तीन आठवडे?" तो सोफ्याकडे बघत राहिला. "रविवारी गिऱ्हाईक येणार होतं हा न्यायला. विकलाय मी."

"नवा करून विकलात?"

"आईचा होता. ती गेली त्याला वर्ष झालं. मी पण चाललोय महिनाअखेरीस, ताईच्या गावाला. तिच्या नवऱ्याचा दातांचा कारखानाच आहे. इथे… इथे आता माझं असं कोणी नाही."

हे सगळं सांगताना तो बोटाने त्या पिल्लाची पाठ चोळत होता. मी म्हटलं, असेना का, आपल्याला काय करायचंय. आपलं काम पिल्लांशी.

असं म्हटलं होतं मी.

त्याने गिऱ्हाइकाला फोन करून तीन आठवडे थांबायला सांगितलं, आणि मी रोज जायला लागले. सकाळी दुकान उघडायच्या आधी, संध्याकाळी बंद केल्यावर. दिवसा तो घरीच असायचा; दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. दर दोन तासांनी काम बाजूला ठेवून सुईशिवायच्या सिरिंजने थेंब थेंब दूध पाजायचा. ज्या काट्यावर प्लास्टरची पावडर मोजायची, त्याच काट्यावर पिल्लू ठेवायचा. मी बाईसाहेबांना उकडलेली मासळी भरवायचे, पाणी बदलायचे, ओल्या कापसाने चौथ्याचं पोट पुसायचे. आईने चाटलं नाही तर त्यांना शू सुद्धा होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही दिवसभर दातच करता?" मी एकदा विचारलं.

"हो. लागले तर सांगा."

"माझे मजबूत आहेत. चावते मी."

"ते दारातच कळलं," तो म्हणाला… आणि हसला. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून. दात बनवणाऱ्याचे स्वतःचे दात इतके छान असावेत, हा निव्वळ अन्याय आहे.

बाबा मात्र घरी बसून सगळं ओळखून होते. "चार पिल्लं दूध पितात. तू तिथे दोन दोन तास काय पितेस?"

"चहा."

"मांजर डोळे मिटून दूध पितं गं," बाबा म्हणाले, "त्याला वाटतं, जग बघत नाही."

चौथ्या दिवशी चौथ्याचं वजन उतरलं. वाढायचं सोडून उतरलं! काट्यावर ते एका कुशीवर पडून राहिलं, तोंडसुद्धा उघडेना. मी जमिनीवर बसले आणि रडायलाच लागले.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "बाबांनी विचारलं, बघितलंस का. मी हो म्हटलं. पाच तास उपाशी राहिलं ते माझ्या आळसापायी."

तो शेजारी येऊन बसला. उगी उगी वगैरे काही केलं नाही. म्हणाला, "आईला दम लागायचा. मी म्हणायचो, एवढं काम हातावेगळं करतो, मग जाऊ डॉक्टरकडे. काम काही संपलं नाही." मग त्याने माझ्या हातात पिल्लू दिलं. "याच्या बाबतीत अजून वेळ आहे. चला, उठा."

डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन केला. म्हणाल्या, त्याला आता सिरिंजचा आणि तुमच्या हाताचा वास येतोय, म्हणून आई ओळखत नाही. मग आईच्या अंगाखालचं फडकं घेऊन मी ते पिल्लू नखशिखांत चोळलं. बाईसाहेबांचा डोळा लागल्यावर त्याने ते हळूच इतरांच्या मध्ये सरकवलं. आम्ही श्वास रोखून बसलो. तिने डोळे उघडले. हुंगलं. पंजा उचलला… मी त्याचा हात घट्ट धरला… आणि तिने तो पंजा पिल्लावर टाकला, त्याला जवळ ओढलं, आणि खरखरीत जिभेने डोक्यापासून चाटायला लागली.

"घेतलं!" मी कुजबुजले. "घेतलं हो तिने!"

"अहो-जाहो पुरे झालं," तो म्हणाला. "माझा हात मोडशील तू."

मी हात सोडला नाही. त्यानेही ओढून घेतला नाही.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. डोळे उघडले पिल्लांचे, निळे निळे. चौथं सगळ्यात आगाऊ निघालं. भावंडांच्या डोक्यावर पाय देऊन दूध प्यायला लागलं. मी जायचे, आम्ही हसायचो, चहा गार व्हायचा. पण पॅसेजमधली खोकी वाढत होती. भांडी गेली खोक्यात, पुस्तकं गेली. तो जाण्याबद्दल बोलत नव्हता, मीही विचारत नव्हते. विचारायचं म्हणजे मागायचं. आणि मी कोणाकडे काही मागत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, मी गिऱ्हाइकाकडे जात नाही. असला माझा ताठा!

तीन आठवडे भरले आणि बाईसाहेबांनी स्वतःच बिऱ्हाड हलवलं. मानगुटीला धरून एकेक पिल्लू त्याच्या कामाच्या टेबलाखाली नेलं, प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यावर. सोफा मोकळा झाला. मी आत बॅटरी मारून दोनदा बघितलं, तळ बंद केला. कापड इतकं ताणून बसवलं की एक सुरकुती नव्हती. घरी येऊन मात्र जेवले नाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. नवराबायको, दोघंही घाईत. सोफा काही दारातून निघेना. आतलं टोक धरून तो, मी बाहेर जिन्याच्या तोंडाशी, माझ्याखाली दोन पायऱ्यांवर तो नवरा. मधे सोफा उभा अडकलेला.

"तिरका कर," मी म्हटलं. "अजून. पाय वर. आता… जाऊ नकोस."

"डावीकडे की उजवीकडे?"

"कुठेच नको! तू जाऊ नकोस म्हणतेय मी!"

सोफ्याच्या वरून त्याचे फक्त डोळे दिसत होते. "परत बोल."

"हात दुखतायत माझे."

"मग लवकर बोल."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप आवडतोस. मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही. आज मागतेय. थांब इथे."

"अहो, ते सोफ्याचं…" खालून नवरा कण्हला.

"तुम्ही गप्प धरा हो जरा!" त्याची बायको त्याच्यावर कडाडली. "बोलू दे की त्यांना!"

त्याने टाचा उंचावून सोफ्यावरून माझ्याकडे बघितलं.

"थांबतो," तो म्हणाला.

"आणि सोफा?"

"सोफा जाऊ दे. आईला रिकामा सोफा आवडायचा नाही, माणसं बसली पाहिजेत त्यावर. मी थांबतो."

सोफा त्यानंतर लोण्यासारखा निघाला. खोली मोकळी झाली. आम्ही टेबलापाशी जमिनीवर बसलो आणि त्याने ताईला फोन लावला. "ताई, ऐक ना… मी येत नाहीये." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तो लाल होत गेला.

"काय म्हणते? चिडली?"

"नाही." त्याने फोन खाली ठेवला. "म्हणाली, तुझी खोली मी पंधरा दिवसांपूर्वीच पोरांना अभ्यासाला दिली. रोज फोनवर मांजरांबद्दल अर्धा तास आणि सोफेवालीबद्दल एक तास बोलणारा माणूस येत नसतो."

"म्हणजे तिला कळलं होतं? आणि तुला?"

"मला पहिल्या दिवशीच. पण मला वाटलं, तुला फक्त पिल्लांची काळजी आहे. तू काही बोलेचनास."

मी! मी बोलत नाही! जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यावर हा आरोप केला होता. मी तोंड उघडलं, चांगलं खरमरीत उत्तर द्यायला. पण तो इतक्या जवळ होता, डगल्याला प्लास्टरचा वास येत होता, आणि टेबलाखाली ती पाचही जणं एकमेकांत गुरफटून झोपली होती… मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खरोखरच काही बोलले नाही.